लिस्बनची युवा वारी

जागतिक युवा दिन हा नावालाच दिवस. प्रत्यक्षात तो आठवडाभराचा मेळावा असतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८५ साली त्याची घोषणा केली, आणि तेव्हापासून दर दोन-तीन वर्षांनी एखादं शहर यजमान होतं व जगभरातले कॅथलिक तरुण तिथे जमतात. लिस्बनचं नाव २०१९ च्या जानेवारीत पनामातल्या मेळाव्यात जाहीर झालं होतं. मेळावा व्हायचा होता २०२२ मध्ये. करोनाने तो वर्षभर पुढे ढकलला आणि १ ते ६ ऑगस्ट २०२३ हे दिवस ठरले. पनामाची बातमी ऐकून ‘आपण जायचंच’ म्हणणारी, कॉलेजात नुकती गेलेली आमच्यातली पोरं विमानात बसली तेव्हा नोकरदार झाली होती. गटात पंचविशीच्या आतबाहेरचे तरुण-तरुणी, सोबत फादर, सिस्टर, आणि सगळ्यांची ताई म्हणून मी.

२६ जुलै, बुधवार. कोइम्ब्रा

लिस्बनला उतरलो आणि लिस्बन न बघताच बसने उत्तरेला निघालो. मुख्य मेळाव्याच्या आधी पोर्तुगालच्या वेगवेगळ्या धर्मप्रांतांत पाहुण्यांनी राहायचं, अशी पद्धत आहे. खर्च आणि रजा वाचवायला बरेच गट हे दिवस गाळतात. आमच्या फादरांनी गाळू दिले नाहीत.

कोइम्ब्राजवळच्या एका धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चच्या वस्तीच्या, सभागृहात आम्ही पोचलो, तेव्हा यजमान कुटुंबं भिंतीला लागून उभीच होती. एक ताई कागदावरून नावं वाचत होत्या, उच्चार काही जमत नव्हते. प्रत्येक नावाला हशा, मग टाळ्या, मग दोघा-दोघांना कुणीतरी हाताला धरून घेऊन जात होतं. यजमानांत पांढऱ्या केसांचीच माणसं जास्त. २६ जुलै हा येशूच्या आजी-आजोबांचा, संत योआकिम आणि संत अ‍ॅना यांचा सण. संध्याकाळच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, तिथल्या फादरांनी सगळ्या आजी-आजोबांना उभं राहायला सांगितलं, तेव्हा जवळपास अर्धं चर्च उभं राहिलं.

मी आणि सिस्टर अशाच एका आजी-आजोबांच्या वाट्याला आलो. आजींना पोर्तुगीजखेरीज काही येत नव्हतं आणि आम्हाला पोर्तुगीज येत नव्हतं. फोनमधल्या भाषांतराच्या ॲपवर त्यांचा विश्वास नव्हता. त्या फोनकडे संशयाने बघायच्या आणि तेच वाक्य आणखी मोठ्याने, आणखी हळू म्हणायच्या. आश्चर्य म्हणजे ते कळायचं.

२७ जुलै

सकाळी सांता क्रूझच्या चर्चमध्ये. पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो एन्रिकेश इथे पुरलेला आहे, त्याची कबर फार देखणी आहे, आणि आमच्यातल्या कुणीही ती धड बघितली नाही. कारण फादरांनी सगळ्यांना बसवून संत अंतोनीची गोष्ट सांगायला घेतली.

आपण ज्याला पादुआचा अंतोनी म्हणतो तो मुळात लिस्बनचा, नाव फेर्नांदो. तरुणपणी तो याच सांता क्रूझच्या मठात ऑगस्टिनियन संन्यासी होता. अभ्यास, ग्रंथ, शांत जगणं, सगळं सुरळीत. मग १२२० साली मोरोक्कोत पाच फ्रान्सिस्कन बंधू, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या संघातले संन्यासी, मारले गेले आणि त्यांचे अवशेष कोइम्ब्राला, याच मठात आणले गेले. ते बघून फेर्नांदोने मठ सोडला, गावाबाहेरच्या ऑलिव्हच्या झाडांत राहणाऱ्या गरीब फ्रान्सिस्कनांकडे गेला आणि अंतोनी झाला. तोही मोरोक्कोला निघाला. पण तिथे आजारी पडला, परतीच्या जहाजाला वादळाने सिसिलीला नेलं, आणि पुढचं सगळं आयुष्य इटलीत गेलं.

‘म्हणजे त्याला जायचं होतं तिथे तो पोचलाच नाही,’ आमचा गिटारवाला म्हणाला. फादर म्हणाले, ‘तू लिस्बनला पोच म्हणजे झालं.’

दुपारी आम्ही त्या ऑलिव्हच्या टेकडीवर, सांतो अंतोनियो दुश ओलिवाइशला चालत गेलो. चढ चांगलाच आहे. वरच्या चर्चमध्ये गारवा होता, माणसं नव्हती. तिथे बसून पोरांनी न सांगता रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू केली. अशा सहलीत ‘चला, प्रार्थना’ असं दिवसातून पाच वेळा ओरडावं लागतं, म्हणून नोंदवून ठेवतेय.

२८–२९ जुलै

एक दिवस सेवेचा होता. आमच्या वाट्याला वृद्धाश्रम आला. गिटार, नाच, फोटो असा नेहमीचा प्रकार आम्ही सुरू केला. तासाभरात आश्रमातल्याच एका आजोबांनी अकॉर्डियन मागवलं आणि कार्यक्रम आमच्या हातून काढून घेतला. त्यानंतर आम्ही फक्त टाळ्या वाजवल्या. सेवा नेमकी कुणी कुणाची केली हा हिशेब तिथेच सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी मोंदेगो नदीपलीकडे राणी इझाबेलच्या कबरीपाशी. आरागोनची ही राजकन्या राजा दिनिश याची राणी झाली. १३२५ साली राजा गेल्यावर तिने स्पेनमधल्या सांतियागो द कोम्पोस्तेलाची यात्रा केली आणि मग इथल्या संत क्लाराच्या संघातल्या जोगिणींच्या मठाच्या छायेत गरिबांची सेवा करत राहिली. १३३६ साली तिचा मुलगा आणि तिचाच नातू, म्हणजे पोर्तुगालचा आणि कास्तीलचा राजा, एकमेकांवर चालून जायला निघाले होते. म्हातारी समेट करायला उन्हातान्हातून निघाली आणि त्या प्रवासातच एश्त्रेमोशला वारली. खाली नदीकाठचा जुना मठ पुराच्या पाण्याने इतका ग्रासला की जोगिणींना सतराव्या शतकात टेकडीवर नवा बांधावा लागला. तिची चांदीची पेटी तिथल्या वेदीवर आहे. झोळीतल्या भाकरींचे गुलाब झाले ही कथा सगळ्यांना माहीत असते; मला मात्र घरातलं भांडण मिटवायला निघालेली राणी जास्त जवळची वाटते.

त्याच शहरात सांता तेरेझाचं कार्मेल, म्हणजे जगापासून अलिप्त राहणाऱ्या जोगिणींचा मठ, आहे. फातिमा गावी ज्या तीन मुलांना मरियामातेचं दर्शन झालं असं मानतात, त्यांपैकी एकटी मागे राहिलेली लुसिया १९४८ पासून २००५ मध्ये मरेपर्यंत इथे होती. भिंत उंच, दार बंद. आम्ही बाहेर रस्त्यावर उभं राहून एक ‘नमो मरिया’ म्हटली.

घरी परतलो तर आमचे कपडे धुऊन, वाळवून, घड्या करून पलंगावर ठेवलेले. आजींनी मोज्यांनासुद्धा इस्त्री केली होती. सिस्टर कितीतरी वेळ ते मोजे हातात धरून बसल्या होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘हे घालायचे कसे?’

३० जुलै, रविवार. फातिमा

निरोपाचा मिस्सा लांबला, कारण रडारड लांबली. आमच्यातले धटिंगण म्हणवणारे सर्वांत आधी फुटले. आजोबांनी आम्हाला दोघींना बसपर्यंत सोडलं, बॅगा स्वतः चढवल्या, आणि बस सुटायच्या आत पाठ फिरवून गेले.

फातिमाला संध्याकाळी पोचलो. १९१७ साली १३ मेपासून १३ ऑक्टोबरपर्यंत इथे तीन मेंढपाळ पोरांना, म्हणजे लुसिया आणि तिची आतेभावंडं फ्रान्सिस्को व जसिंता यांना, मरियामातेचं दर्शन झालं, अशी चर्चची श्रद्धा आहे. तेव्हा हे माळरान होतं. आज अफाट फरसबंद पटांगण आहे. एका टोकाला १९५३ साली अभिषेक झालेली मनोऱ्याची बासिलिका, म्हणजे खास मानाचं मोठं चर्च, दुसऱ्या टोकाला २००७ साली उघडलेली गोल, आधुनिक बासिलिका, आणि मधे बाजूला दर्शनाचं छोटंसं देऊळ, जिथे खरी गर्दी.

पटांगणाच्या उतारावरून त्या देवळाकडे एक गुळगुळीत दगडी पट्टा जातो. नवस फेडणारे लोक तो गुडघ्यांवर पार करतात. एक मध्यमवयीन बाई गुडघ्यांना पट्टे बांधून सरकत होती. तिचा तरुण मुलगा एका हाताने तिचा हात धरून, दुसऱ्या हातात तिच्या चपला घेऊन तिच्या चालीने, जवळपास वाकूनच चालत होता. दर थोड्या वेळाने ती थांबायची, तो पाण्याची बाटली पुढे करायचा. तोंडाने दोघांची रोजरी चालू. आमच्यातल्या तिघी-चौघींनी सँडल काढल्या आणि त्यांच्या मागे गेल्या. फादरांनी कुणाला ‘जा’ म्हटलं नाही की ‘नको’ म्हटलं नाही.

मेणबत्त्या इथे शांतपणे एकेक जळत नाहीत. देवळाशेजारी लोखंडी जाळ्यांवर त्या शेकड्यांनी लावल्या जातात आणि खालच्या जाळाच्या धगीने काही मिनिटांत वाकून वितळतात. मेण ओघळत राहतं, काळा धूर उठतो, चेहरा भाजून निघतो. लोक मेणाचे हात, पाय, लहान बाळाच्या मूर्तीसुद्धा वाहतात. ज्या अवयवासाठी नवस, तो अवयव. एकाने मेणाचं डोकं त्या जाळात सोडलं, दोन पावलं मागे सरकला आणि क्रुसाची खूण केली.

रात्री साडेनऊला रोजरी आणि मेणबत्त्यांची मिरवणूक. दर दहा मण्यांना भाषा बदलते. मरियामातेच्या मुकुटातली गोळी पोरांना बघायची होती. १३ मे १९८१ रोजी जॉन पॉल दुसऱ्यांवर झाडलेली ती गोळी नंतर त्यांनी इथे दिली. पण तो मुकुट मोठ्या सणांनाच मूर्तीवर चढवतात. पोरं हिरमुसली.

३१ जुलै

सकाळी फ्रान्सिस्को आणि जसिंताच्या कबरी. दोघंही फ्लूच्या महासाथीत आजारी पडून गेली, तो १९१९ साली, ती १९२० साली. वयं दहा आणि नऊ. पोप फ्रान्सिस यांनी २०१७ च्या १३ मे रोजी, दर्शनाच्या शताब्दीला, दोघांना संत घोषित केलं. करोनातून नुकत्या बाहेर आलेल्या आमच्या पोरांना ‘महासाथ’ हा शब्द समजावून सांगावा लागला नाही.

संध्याकाळी लिस्बन. मुक्काम शाळेत. वर्गातली बाकं भिंतीशी रचलेली, जमिनीवर आमच्या झोपण्याच्या पिशव्या, अंघोळीला गार पाणी आणि रांग. कोइम्ब्राच्या इस्त्रीच्या मोज्यांची आठवण सगळ्यांनी एकदम काढली.

१ ऑगस्ट, मंगळवार

उद्घाटनाचा मिस्सा एदुआर्दो सातवा या उतरत्या बागेत, लिस्बनचे कार्डिनल मानुएल क्लेमेंत यांच्या हस्ते. लूकच्या शुभवर्तमानातलं ‘मरिया उठली आणि घाईने निघाली’ हे यंदाचं ब्रीदवाक्य. आम्ही मात्र घाईने कुठेच पोचू शकत नव्हतो. मेट्रोच्या पायऱ्यांवर इटालियन गात होते, स्पॅनिश त्यांच्यावरताण ओरडत होते, ब्राझीलवाले ढोल बडवत होते. आमच्या पोरांनीही घसा मोकळा केला. मेळाव्याचा हा भाग मला फारसा झेपत नाही, आणि तो आवडायलाच हवा असंही नाही.

२ ऑगस्ट

सकाळी एका चर्चमध्ये ‘राइज अप’ नावाचं धर्मशिक्षणाचं सत्र. पूर्वीच्या मेळाव्यांत बिशप बोलायचे आणि पोरं पेंगायची. आता गटांत बसून पोरांनी बोलायचं आणि बिशपांनी ऐकायचं असा घाट घातलाय. सुधारणा चांगली आहे. गटात एका पोर्तुगीज मुलीने विषय काढला तो लैंगिक अत्याचारांचा. त्याच वर्षी फेब्रुवारीत स्वतंत्र आयोगाचा अहवाल आला होता : १९५० पासून पोर्तुगालच्या चर्चमध्ये किमान ४,८१५ मुलं बळी पडल्याचा त्यात अंदाज होता. शहरात त्या आकड्याचे फलक लागले होते. ‘तुम्ही इथे गाताय, आणि माझी मैत्रीण चर्चमध्ये पाऊल ठेवत नाही,’ ती म्हणाली. बिशप बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी सबब सांगितली नाही, एवढं मी त्यांच्या बाजूने लिहीन. पोप फ्रान्सिस त्याच दिवशी लिस्बनला आले आणि संध्याकाळी त्यांनी तेरा पीडितांची भेट घेतली, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. परतताना बसमध्ये कुणी गिटार काढली नाही.

३ ऑगस्ट

भटकंतीचा दिवस. कथीड्रलला लागूनच संत अंतोनीचं जन्मस्थान मानलेल्या जागेवर चर्च आहे, खाली तळघरात ती जागा. तिथून साओ दोमिंगोशच्या चर्चला गेलो. बाहेरून साधं. आत गेल्यावर पाय थबकतात. १९५९ च्या आगीत होरपळलेले खांब तसेच ठेवलेत, दगडाची सालपटं निघालेली, वर भगवट रंगाचं छत. चर्चबाहेर एक स्मारक आहे : १५०६ साली ज्यूंची कत्तल इथूनच सुरू झाली होती. १७५५ च्या १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, भूकंपाने हे शहर पाडलं तेव्हाही याची पडझड झाली. लिस्बनमध्ये एकच चर्च बघायला वेळ असेल तर जेरोनिमुशच्या प्रसिद्ध मठाच्या रांगेत उभं राहू नका, इथे या.

याच शहरातून १५४१ च्या एप्रिलमध्ये संत फ्रान्सिस झेवियर भारताकडे निघालेल्या जहाजात बसले. इथेच १६४७ साली जॉन डी ब्रिटो जन्मले. राजवाड्यात वाढलेला हा मुलगा तमिळ देशी जाऊन संन्याशासारखा राहिला आणि १६९३ साली ओरियूरला मारला गेला. मेळाव्याच्या आश्रयदात्या संतांच्या यादीत त्यांचं नाव होतं. आमच्या पोरांना त्या यादीतला आपल्याच काळातला, जीन्समधला इटालियन मुलगा कार्लो अकुतिस तेवढा ठाऊक होता.

संध्याकाळी पोपमहाशयांचं स्वागत. आम्ही पडद्यापासूनसुद्धा लांब. पण ‘चर्चमध्ये सर्वांना जागा आहे’ म्हणून त्यांनी ‘तोदुश, तोदुश, तोदुश’ असं सगळ्या बागेकडून म्हणवून घेतलं, ते आम्हीही ओरडलो. कालची ती मुलगी कुठे उभी असेल, असं मनात आलं.

४ ऑगस्ट

बेलेंच्या बागेत पापनिवेदनासाठी दीडशे लाकडी कक्ष मांडले होते, पोर्तुगालच्या तुरुंगांतल्या कैद्यांनी बनवलेले. उघड्यावर, झाडांखाली, शेजारी पाटी : कोणती भाषा. रांगेत दोन तास गेले. आमच्यातला एक जण, जो घरच्यांच्या दडपणामुळे आलोय असं पहिल्या दिवसापासून सांगत होता, तो रांगेत गेला आणि बऱ्याच उशिरा बाहेर आला. कुणी काही विचारलं नाही. त्याने सगळ्यांसाठी आइसक्रीम आणलं. रात्री क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीची चौदा स्थानांची प्रार्थना, झाली. पाय इतके दुखत होते की चौदा स्थानं बसूनच केली.

५ ऑगस्ट, शनिवार. तेजो नदीकाठ

आजचं काम एकच : चालणं. ओरिएन्ते स्टेशनाच्या बाजूने झोपण्याच्या पिशव्या, पाणी, जेवणाचे खोके घेऊन तेजोकाठच्या मैदानाकडे. ऊन डोक्यावर, सावली नाही. रस्त्यालगतच्या इमारतींच्या खिडक्यांतून लोक नळ्यांनी आमच्यावर पाणी उडवत होते, आणि त्या क्षणी लिस्बनकरांना मी सगळं माफ केलं, मेट्रोच्या पायऱ्यांसकट.

हे मैदान पूर्वी कचराभूमी होतं. इथल्या वेदीच्या चौथऱ्याचा खर्च चाळीस लाख युरोंच्या वर ठरल्याचं कळताच वर्षाच्या सुरुवातीला देशभर ओरड झाली आणि तो आराखडा कापून एकोणतीस लाखांवर आणावा लागला. मेळाव्याच्या आधी एका कलाकाराने वेदीच्या पायऱ्यांवर पाचशे युरोंच्या भल्यामोठ्या नोटांचा गालिचा अंथरून निषेधही केला होता. मला त्या कलाकाराचं पटतं. आणि तरी त्या रात्री मी तिथे होते, याचाही आनंद आहे. दोन्ही एकदम असू शकतं.

आमच्या चौकोनात जागा इतकी कमी की एक जण कुशीवर वळला की रांगच वळायची. शेजारी पोलंडचा गट, पलीकडे अंगोलाचा. जागरणात पोपमहाशय म्हणाले की कुणाकडे वरून खाली बघायची मुभा एकाच वेळी असते, त्याला हात देऊन उठवताना. मग पवित्र साक्रामेंताची, म्हणजे ज्यात येशू हजर आहे असं मानतात त्या पवित्र भाकरीची, आराधना. सगळं मैदान गुडघ्यांवर आणि पूर्ण शांत. आवाज आला तो वास्को द गामा पुलाकडून येणाऱ्या वाऱ्याचा, आणि एका बाळाचा. तेवढ्यात अंगोलाची एक मुलगी उन्हाने चक्कर येऊन आमच्या फादरांच्या अंगावरच कोसळली. सिस्टरांनी तिचे पाय वर धरले, मी पाणी मारलं, एका पोलिश मुलाने टोपीने वारा घातला. आराधना आम्ही तिच्याभोवतीच केली.

६ ऑगस्ट, रविवार

झोप कुणालाच लागली नव्हती, तेवढ्यात पहाटे ढणढण संगीत सुरू झालं. बघतो तर मंचावर डीजे, आणि गळ्यात पांढरी कॉलर! पोर्तुगीज धर्मगुरू फादर गिल्येर्म पेइशोतो. पोरं पिशव्यांतून उठून नाचायला लागली. आमचे फादर डोक्यावर टॉवेल घेऊन, ‘अरे देवा, याचसाठी का सेमिनरीत गेलो’ म्हणाले आणि थोड्या वेळाने तेही टाळ्या वाजवत होते.

मिस्सा प्रभूच्या रूपांतराच्या सणाचा. सुमारे पंधरा लाख माणसं, असं जाहीर झालं. शेवटी पोपमहाशयांनी पुढचं ठिकाण सांगितलं : सोल, २०२७. कोरियन मुलं झेंडे घेऊन मंचावर धावली. मैदानातून बाहेर पडायला दुपार उलटली, आणि तिथून शाळेपर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही.

७ ऑगस्ट. विमानतळ

रांगेत उभ्याउभ्या हिशेब सुरू झाला : सर्वांत चांगलं काय? मला वाटलं होतं पोप किंवा ती रात्र. एकामागून एक सगळे कोइम्ब्रा म्हणाले. ज्याला-त्याला आपल्या घरच्या आजींचं काहीतरी सांगायचं होतं. ज्या गटांनी ते दिवस गाळले त्यांना गर्दी मिळाली आणि गर्दीचा आनंदही मिळाला. पण त्यांनी पोर्तुगाल पडद्यावर बघितला, असं माझं मत झालंय. कोरियातही असे दिवस ठेवणार आहेत, फादर म्हणाले, आणि मुख्य मेळावा २०२७ मध्ये. ‘पैसे आत्तापासून साठवा, मागाहून माझ्याकडे यायचं नाही.’

विमान सुटायच्या आत दोघींनी फोनवर कोरियन अक्षरं गिरवायला घेतली. गिटारवाला म्हणाला, आधी आठ तास झोपू द्या, आणि त्याने टोपी तोंडावर ओढली.